दोन पेले पाणी कुठं गेलं?

मे महिन्यात देवणीला सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. सुट्टीला आलेली दोन्ही नातवंडं ओसरीवर बसली होती. धाकटीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि विचारलं, "आजोबा, तुमच्या माठात बर्फ कोण टाकतं?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणं मला जिवावर आलं. ओसरीच्या वाऱ्याच्या बाजूला दोन भांडी मांडली. एक महिनाभर वापरलेला मातीचा माठ, म्हणजे त्याच्या मातीची तहान आधीच भागलेली. दुसरा स्टीलचा हंडा. दोन्हींत मोजून दहा-दहा लिटर पाणी ओतलं, वर झाकणं ठेवली. "यातलं पाणी आज कुणी प्यायचं नाही. तहान लागली तर आत रांजण आहे. रात्री जेवणं झाली की आपण तिघं मिळून हे मोजायचं."

दुपारी बारा वाजता मी नातवाला दोन्हींना हात लावायला सांगितलं. हंडा कोमट होता. माठाला हात लावताच तो दचकला. "आजोबा, हा ओला आहे! फुटलाय."

फुटलेला नव्हता, पाझरत होता. कुंभार मातीत राख, लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोकं उरतात. त्यांतून पाणी हळूहळू बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथून हवेत उडून जातं. आता गंमत ऐका. पाण्याचे कण कधीच स्वस्थ बसत नाहीत. काही संथ फिरतात, काही सुसाट धावतात. उडून जातात ते हे सुसाट धावणारे, आणि जाताना स्वतःची उष्णता सोबत नेतात. मागं उरतात ते संथ कण. संथ कणांच्या पाण्यालाच आपण गार पाणी म्हणतो.

"किती उष्णता नेतात?" मोठ्याला आकडा हवा असतो, आणि मला ते आवडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एक पेलाभर, 200 मिलीलिटर पाणी उडालं आणि त्यानं सगळी उष्णता माठातूनच घेतली, तर दहा लिटर पाणी अकरा अंशांहून जास्त उतरायला हवं. बाहेरची ऊब सारखी आत शिरत असते, म्हणून तेवढं उतरत नाही. पण एका पेल्याची ताकद बघा केवढी!

हाच माठ मे महिन्यात रत्नागिरीला नेला तर तो इतका गार होणार नाही. तिथली हवा आधीच समुद्राचं पाणी पिऊन तृप्त झालेली. तिला आणखी घोट नको असतो. आपली हवा तहानलेली. जी कोरडी हवा आपले ओठ फोडते, तीच माठ गार करते. आणि माठ जुना झाला की पाण्यातले क्षार त्या भोकांत साचून ती बुजतात, म्हणून दोन-तीन उन्हाळ्यांनी नवा माठ आणावा लागतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माठाबाहेरचा बोटभर ओलावासुद्धा मला वाया गेल्यासारखा वाटायचा.

तेवढ्यात धाकटीच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकावर आला. मी म्हणालो, "हा बघ, तूसुद्धा माठच आहेस." आपल्या कातडीलाही तशीच बारीक भोकं. एक लिटर घाम अंगावर वाळला तर 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी धरली, तर पावणेदोन भाकरींतली सगळी ऊर्जा! पण माठाचं पाणी गोडं आणि घाम खारट. पाण्याबरोबर मीठही जातं, आणि ते भरून काढावं लागतं.

त्यासाठीच आजीनं सकाळी चुलीच्या निखाऱ्यात दोन कैऱ्या भाजल्या होत्या. साल काळी पडली, आतला गर लोण्यासारखा मऊ झाला. त्यात गूळ, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि रांजणातलं पाणी. नातवानं पन्ह्याचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड करायचं तर मीठ कशाला? खारट करायचं तर गूळ कशाला?"

इथं मी पेला खाली ठेवला, कारण ही गोष्ट मला फार आवडते. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला असंख्य छोटे दरवाजे आहेत. त्यातल्या एका जातीच्या दरवाजाला दोन किल्ल्या एकदम लागतात: एक मिठातल्या सोडियमची, दुसरी ग्लुकोज साखरेची. दोघं हातात हात घालून आले तर दार उघडतं, दोघं आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. गुळातली साखर आतड्यात फुटली की तिच्यातून ग्लुकोज निघतं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं हे कोडं 1960 मध्ये उलगडलं. पुढं 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. बनगावला डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात घातला आणि आजाऱ्यांच्या नातलगांकरवी पेल्या-पेल्यानं पाजायला सुरुवात केली. मरणारी माणसं वाचू लागली. आज मेडिकलच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते ती त्याच वाटेवरची.

"म्हणजे पन्हं औषध आहे?"

नाही. जुलाब लागलेल्या लेकराला मोजून केलेली पुडीच द्यायची. पन्ह्यात गूळ हाताच्या अंदाजानं पडतो आणि जास्तच पडतो. पण धडधाकट माणूस उन्हातून घरी आला की त्याच्या हातात हाच पेला द्यावा. ज्या आजीच्या आजीनं गुळाशेजारी मीठ ठेवलं, तिनं सोडियम हे नाव ऐकलंही नव्हतं. तिनं शेतातून आलेल्या माणसाचा चेहरा बघितला असणार, पन्हं प्यायच्या आधी आणि नंतर.

दुपारच्या ताटात भाकरी, कैरीचा तक्कू, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ताक. नातवानं ठेचा जरा जास्तच घेतला. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी. "भाजलं!" म्हणाला. मी विचारलं, ठेचा तर गार आहे, मग भाजलं कसं? आपल्या जिभेत उष्णता ओळखणारा एक पहारेकरी आहे. सुमारे 43 अंशांच्या वर तापमान गेलं की तो आरोळी देतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच पहारेकऱ्याला चिकटतं आणि त्याला वाटतं, आग लागली. शरीर आग विझवायला घाम सोडतं, आणि वारा लागला की खरोखरच गार वाटतं. पुदिन्यातलं मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या दुसऱ्या पहारेकऱ्याला असंच फसवतं. या पहारेकऱ्यांचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं, स्पर्शाचे पहारेकरी शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांच्याबरोबर. आणि पक्ष्यांचा पहारेकरी कॅप्सेसिनला दाद देत नाही! पक्षी मिरची मजेत खातात आणि बी दूरवर टाकतात. झाडाला तेच हवं असतं.

जळजळीवर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताक प्या, दुधातली प्रथिनं त्याला जिभेवरून सोडवून नेतात. आमचं ताक देवणी गाईचं. ही जात आपल्याच गावाच्या नावानं ओळखली जाते, लेकरांनो, आणि तिचे रंग ओळखायला शिका: वानेरा पांढरी, तोंडाच्या बाजूंना काळी, बालंक्याच्या पोटाखाली काळे ठिपके, शेवरा अंगभर काळ्या-पांढऱ्या डागांची. आमची वानेरा गोठ्यात सावलीला रवंथ करत उभी होती. तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी धाकटीनं हळूच हातात घेतली. विलायती गाईपेक्षा देशी गाईच्या कातडीत घामाच्या ग्रंथी जास्त असतात, आणि अंगभर सैल कातडी म्हणजे घाम वाळायला जास्त जागा. धाकटी लगेच म्हणाली, "तीपण माठ!"

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिघं बाहेर पडलो. रसवंतीचे घुंगरू लांबूनच ऐकू येत होते. चरकाला पूर्वी बैल असे, आता मोटर आहे. घुंगरू मात्र राहिले, आणि ते राहिले याचा मला आनंद आहे. उसाबरोबर आल्याचा तुकडा आणि लिंबू चरकातून गेलं. लिंबू निव्वळ चवीसाठी नसतं. उसाचा रस हवेला उघडा पडला की त्यातलं एक विकर त्याला काळपट करू लागतं, आणि लिंबाचा आंबटपणा त्या विकराचे हात बांधतो.

पुढं हातगाडीवर कुल्फी. गाडीवाल्यानं मटक्यातल्या बर्फावर खडेमीठ टाकलं तेव्हा नातवानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. तो स्वतःशीच पुटपुटत राहिला, "मिठानं बर्फ वितळतो... वितळायला उष्णता लागते... ती कुठून घेणार..." मग एकदम ओरडला, "कुल्फीतून!" मीठ-बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं, एवढंच मी जोडलं. बाकी त्यानं सगळं सोडवलं होतं.

रात्री जेवणं झाली. ओसरीवर कंदील ठेवून आम्ही भांडी मोजायला बसलो. धाकटीनं मापानं पाणी उपसलं. हंड्यातलं जवळजवळ तसंच्या तसं. माठातलं दोन पेले आणि वर दोन घोट कमी. तिनं पुन्हा मोजलं, तेवढंच. आकाश निरभ्र होतं, वारा सुटला होता. ती वर बघत राहिली, मग मापातलं पाणी तिनं माठात परत ओतलं, रांजणातून दोन पेले आणून वर घातले, आणि एक पेला गाईसाठी वेगळा भरून गोठ्याकडं घेऊन गेली.