जर्की

चरबी काढून टाकलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या मीठ व मसाल्यांत मुरवून व त्यांतील बहुतेक पाणी काढून टाकून तयार केलेला टिकाऊ खाद्यपदार्थ. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत तो मोठ्या प्रमाणावर खाल्ला जातो. बाजारात मिळणारी जर्की मुख्यत्वे गुरांच्या किंवा टर्की या पक्ष्याच्या मांसाची असून ती शासकीय तपासणीखाली तयार होते. शिकारी घरी जी जर्की करतात ती बहुधा हरिण, एल्क, मूस यांसारख्या वन्य प्राण्यांच्या मांसाची असते. तेथील कायद्यांनुसार शिकार केलेल्या वन्य प्राण्याचे मांस सामान्यतः विकता येत नाही. त्यामुळे ते बाजारातील मांसाप्रमाणे तपासले जात नाही. प्राण्याची शिकार, मांस कापणे, वाळविणे व साठविणे या सर्व टप्प्यांची जबाबदारी शिकाऱ्याच्या कुटुंबावरच पडते. म्हणून चारा पेरण्यापासून मांस वाळविण्यापर्यंतच्या रीतींची देवाणघेवाण शिकारी आपापसांत करीत आले आहेत. या रीतींत एक गोष्ट मात्र पुष्कळदा दुर्लक्षिली जाते : वाळविल्याने मांस टिकते, परंतु केवळ वाळविल्याने ते निर्जंतुक होत नाही.

इतिहास : ‘जर्की’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतील ‘चार्की’ (वाळविलेले मांस) या शब्दापासून स्पॅनिश भाषेच्या द्वारे इंग्रजीत आला. अँडीज पर्वतातील लोक लामा व अल्पाका यांचे मांस रात्रीचे हिम, दिवसाचे ऊन व कोरडी हवा यांच्या साहाय्याने वाळवीत. इंका साम्राज्यात अशा वाळविलेल्या अन्नाचा साठा सरकारी कोठारांत केला जाई. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील आदिवासी गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसन या प्राण्याचे मांस पट्ट्या करून उन्हात किंवा मंद धुरावर वाळवीत. असे वाळविलेले मांस कुटून त्यात वितळविलेली चरबी व क्वचित रानबोरांसारखी फळे मिसळून ‘पेमिकन’ हा पदार्थ करीत. हा शब्द क्री भाषेतील असून त्याच्या मुळाशी ‘चरबी’ या अर्थाचा शब्द आहे. पेमिकन बायसनच्या कातडी पिशव्यांत भरीत; अशा एका पिशवीचे वजन साधारणतः ९० पौंड (सु. ४१ किग्रॅ.) असे.

कॅनडातील लोकरी कातड्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणात पेमिकनवर अवलंबून होता, कारण होड्यांतून दूरवर जाणाऱ्या नावाड्यांना थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा देणारे दुसरे अन्न नव्हते. १८१४ मध्ये रेड रिव्हर वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅक्‌डॉनेल याने वसाहतकऱ्यांसाठी अन्न राखून ठेवण्याच्या हेतूने पेमिकन बाहेर नेण्यास बंदी केली. नॉर्थ वेस्ट कंपनी व मेटिस लोक यांनी तीस विरोध केला. या तंट्याची परिणती १८१६ मधील सेव्हन ओक्स येथील चकमकीत झाली. पुढे बेसुमार शिकारीमुळे १८८० च्या दशकात बायसन नष्टप्राय झाला व पेमिकनचे महत्त्वही संपले. दक्षिण आफ्रिकेतील ‘बिल्टाँग’ हा याच वर्गातील पदार्थ होय. त्यात मांसास मीठ, शिरका (व्हिनेगर) व धने लावतात आणि ते उष्णता न देता हवेवर वाळवितात.

शिकार आणि चारापट्टे : घरगुती जर्कीसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे वन्य मांस पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) असते. एकोणिसाव्या शतकात बाजारात विकण्यासाठी झालेल्या शिकारीमुळे १९०० च्या सुमारास या हरणांची संख्या अंदाजे पाच लाखांपर्यंत घसरली होती. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास मनाई करणारा लेसी कायदा १९०० मध्ये झाला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्ट्‌सन कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील अबकारी कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्य जीव खात्यांकडे वळविले. या उपायांमुळे व शिकारीचे हंगाम ठरवून दिल्यामुळे ही संख्या पुन्हा वाढून सु. तीन कोटींवर गेली. वन्य प्राण्यांसाठी अन्न व आसरा यांची योजनापूर्वक व्यवस्था करावी, हा विचार आल्डो लीओपोल्ड यांनी १९३३ मधील गेम मॅनेजमेंट या ग्रंथात शास्त्रीय रीतीने मांडला.

या विचाराचे एक व्यावहारिक रूप म्हणजे ‘चारापट्टे’. रानाच्या कडेला किंवा मोकळ्या जागी, साधारणतः अर्धा ते काही एकर जमिनीत, केवळ वन्य प्राण्यांनी खावे म्हणून पीक पेरतात. प्रथम मातीची तपासणी करून आम्लता अधिक असल्यास चुनखडीची पूड मिसळतात. बहुतेक चारापिकांना ६ ते ७ पीएच मूल्य मानवते. बारमाही चाऱ्यासाठी पांढरी क्लोव्हर (आपल्याकडील बरसीम ज्या प्रजातीत मोडते त्याच प्रजातीतील वनस्पती) व चिकोरी पेरतात. उन्हाळ्यासाठी चवळी व सोयाबीन, तर हिवाळ्यासाठी ओट, गहू, राय, सलगम व मोहरीच्या कुळातील इतर पिके घेतात. या कुळातील पिकांची पाने कडाक्याच्या थंडीनंतर अधिक गोड होतात व मग हरणे ती आवडीने खातात. शिंबावंत पिकांच्या बियांस योग्य जातीचे ऱ्हायझोबियम सूक्ष्मजंतू चोळल्यास नत्राचे खत फारसे लागत नाही. पट्ट्यात तारेच्या जाळीचा एक लहान पिंजरा उलटा रोवून ठेवतात; त्याच्या आतील व बाहेरील पिकाच्या उंचीतील फरकावरून हरणे किती चरतात हे कळते. चारापट्टा हे पूरक अन्न होय. हरणांचा मुख्य आहार झाडाझुडपांचे कोवळे शेंडे, रानवनस्पती व ओकची फळे हाच राहतो. म्हणून जाणकार पट्ट्याबरोबर भोवतीच्या जंगलाचीही निगा राखण्याचा सल्ला देतात.

चारापट्ट्यांची दुसरी बाजूही आहे. एका ठिकाणी पुष्कळ हरणे जमल्यास रोगांचा प्रसार सुलभ होतो. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ’ हा हरिण कुळातील प्राण्यांना क्षीण करून मारणारा असाध्य मेंदूविकार १९६७ मध्ये कोलोरॅडो राज्यात प्रथम लक्षात आला. त्यानंतर तो अमेरिकेच्या तिसांहून अधिक राज्यांत, कॅनडात आणि २०१६ मध्ये नॉर्वेतही आढळला. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे तो होतो. लाळ, मूत्र व विष्ठा यांतून बाहेर पडणारे हे प्रथिन जमिनीत दीर्घकाळ टिकते. या कारणास्तव धान्याचे ढीग टाकून हरणांना आकर्षित करण्यास अनेक राज्यांत बंदी आहे. पेरलेले पट्टे बहुधा या बंदीत येत नाहीत. तथापि नियम राज्यागणिक भिन्न आहेत.

मांसाची हाताळणी : मांसाची गुणवत्ता बरीचशी शिकारीनंतरच्या पहिल्या काही तासांत ठरते. आतडी फुटू न देता काढणे, विष्ठा व केस मांसास लागू न देणे आणि मांस शक्य तितक्या लवकर ४° से. पर्यंत थंड करणे आवश्यक असते. वरील रोग असलेल्या प्रदेशात हरणाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याचा आणि मेंदू, पृष्ठरज्जू व लसीका ग्रंथी न कापता मांस हाडांपासून सोडविण्याचा सल्ला दिला जातो. हा रोग मनुष्यास झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, अशी तेथील आरोग्य खात्याची शिफारस आहे, कारण प्रिऑन शिजविण्याने वा वाळविण्याने नष्ट होत नाही. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात. म्हणून जखमेभोवतीचे मांस सढळपणे कापून टाकतात किंवा तांब्याच्या गोळ्या वापरतात. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली.

कृती : मांस अर्धवट गोठविल्यास त्याच्या एकसारख्या पट्ट्या सहज कापता येतात. पट्टीची जाडी ६ मिमी. पेक्षा अधिक नसावी. तंतूंच्या दिशेने कापलेली पट्टी चिवट, तर तंतूंना आडवी कापलेली मऊ होते. चरबी लवकर खवट होत असल्याने ती पूर्णपणे काढतात. नंतर मीठ, मिरपूड, लसूण, सोयाबीनचा सॉस इत्यादींच्या मिश्रणात पट्ट्या शीतकपाटात मुरत ठेवतात. मुरलेल्या पट्ट्या त्याच मिश्रणासह उकळून त्यांच्या आतील तापमान ७१° से. (पक्ष्यांच्या मांसाचे ७४° से.) पर्यंत नेतात. त्यानंतर पट्ट्या एकमेकींना न चिकटतील अशा रीतीने जाळीवर पसरून ५४° ते ६०° से. तापमानाच्या वाहत्या हवेत वाळवितात. पट्टी वाकविली असता तिला चिरा पडाव्यात, पण ती तुटू नये, ही ती तयार झाल्याची खूण होय. साधारणतः चार किग्रॅ. ताज्या मांसापासून एक किग्रॅ. जर्की मिळते. घरगुती जर्की हवाबंद डब्यात सामान्य तापमानास सु. दोन आठवडे चांगली राहते. अधिक काळासाठी ती शीतकपाटात ठेवतात किंवा गोठवितात.

उष्णतेचे महत्त्व : ताज्या मांसात सु. ७०-७५ टक्के पाणी असते. ते कमी झाले व उरलेले पाणी मिठाने बांधले गेले म्हणजे सूक्ष्मजंतूंची वाढ थांबते. परंतु वाढ थांबणे म्हणजे जंतू मरणे नव्हे. मातीच्या माठातील पाणी बाष्पीभवनामुळे ज्याप्रमाणे गार राहते, त्याप्रमाणे ओल्या पट्टीतून पाणी उडत असेपर्यंत तिचे तापमान भोवतीच्या हवेपेक्षा बरेच कमी असते. पट्टी कोरडी होऊन तापू लागते तेव्हा तीवरील जंतूही कोरडेपणाला सरावून उष्णतेस अधिक काटक झालेले असतात. म्हणून यंत्राचा काटा ६०° से. दाखवीत असला, तरी जंतू जिवंत राहू शकतात. याकरिता मांस ओले असतानाच ते तापविणे हा खात्रीचा उपाय ठरतो.

याचा प्रत्यय १९९५ मध्ये ऑरेगन राज्यात आला. तेथे घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून एश्चेरिकिया कोलाय ओ१५७:एच७ या सूक्ष्मजंतूचा संसर्ग होऊन निश्चित व संभाव्य मिळून ११ रुग्ण आढळले. या जंतूमुळे रक्तमिश्रित अतिसार होतो व लहान मुलांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. नंतर केलेल्या प्रयोगांत ६२·८° से. तापमानात १० तास वाळविलेल्या मांसातही हे जंतू जिवंत सापडले. त्याच वर्षी आयडाहो राज्यात प्यूमा या मोठ्या मांजराच्या मांसाच्या जर्कीतून ट्रिकिनेला या कृमीची बाधा झाली. मीठ व धूर यांनी तो मेला नव्हता. अस्वल व प्यूमा यांच्या मांसातील या कृमीच्या काही जाती गोठविल्यानेही मरत नाहीत. खिम्यापासून केलेल्या जर्कीत पृष्ठभागावरील जंतू आतपर्यंत मिसळले जात असल्याने तेथे तापविण्याची आवश्यकता अधिकच असते.

भारतातील समांतर पदार्थ : मांसमासळी वाळवून ठेवण्याची रीत भारतातही जुनी आहे. कोकण किनाऱ्यावर बोंबील बांबूच्या मांडवांवर उन्हात वाळवितात. मराठवाड्यातील दलित समाजांच्या स्वयंपाकात मोठ्या जनावराच्या मांसाच्या वाळविलेल्या पट्ट्यांना ‘चान्या’ म्हणतात; शाहू पाटोळे यांच्या अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या पुस्तकाने ही खाद्यपरंपरा लिखित रूपात आणली. सुके बोंबील व चान्या सामान्यतः शिजवून किंवा भाजून खातात, जर्की मात्र बहुधा तशीच चघळली जाते. तिच्या बाबतीत आधी तापविण्यास महत्त्व आहे ते यामुळेच. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चितळ, सांबर, काळवीट इ. प्राण्यांची शिकार करणे व त्यांचे मांस बाळगणे हे गुन्हे असल्याने हरणाच्या जर्कीला येथे स्थान नाही. मात्र मांस आधी तापवावे व मग वाळवावे, हा नियम शेळी, मेंढी वा कोंबडी यांच्या मांसासही तितकाच लागू पडतो.