टाकीच्या झांकणाखालीं

घरांत सोवळें-ओवळें कसोशीनें पाळावें आणि मोरीपलीकडे काय होतें याची मात्र कधीं विचारपूस करूं नये, अशी आपणां पांढरपेशांची जुनी रीत आहे. गेल्या नाताळच्या सुटींत डहाणू रोड येथें आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें आमचे डोळे उघडले; तो वाचकांपुढें ठेवितों.

आमचा पुतण्या पुण्याहून सहकुटुंब एक कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच, भाड्यानें घेऊन बोर्डीच्या किनाऱ्यावर आला होता. अशा पर्यटनासाठीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं धोरणही आंखलें आहे. गाडींत निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाचीही सोय असते. मैल्याची टाकी निराळी, सांडपाण्याची निराळी. किनाऱ्यावर मैला सोडणें हें पाप, एवढें पुतण्यास ठाऊक होतें. म्हणून तिसऱ्या दिवशीं गाडी आमच्या वाडींत चिकूंच्या झाडांखालीं येऊन उभी राहिली.

रीत सोपी आहे. हातमोजे घालून जाड नळी गाडीस व चेंबरास घट्ट बसवावी आणि मगच झडपेचा दांडा ओढावा. आधीं मैल्याची टाकी सोडावी, मागून सांडपाण्याची. म्हणजे त्या पाण्यानें नळी आपोआप धुतली जाते. पण पुतण्यानें गाडीचें टोपण काढलें, तेव्हां झडप अर्धवट उघडीच राहिली होती! पुढें त्याच्या पायांवर काय झालें तें न वर्णिलेलें बरें. झडप लावून, नळी नीट बसवून पुन्हां सोडलें, तों चेंबरांतूनच सारें उलट वर आलें आणि विहिरीच्या दिशेनें वाहूं लागलें. घरांतील लहानथोरांनीं फावडीं घेऊन मातीचा बांध घातला, तेव्हां विहीर वांचली.

हा दुसरा दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. आमची सेप्टिक टाकी अकरा वर्षें उपसलीच नव्हती. हवेवांचून जगणारे जंतु टाकींतील मैल्याचें विघटन करितात खरे, परंतु सर्वच नाहींसें होत नाहीं. गाळ तळाशीं सांचत जातो आणि पाण्यास जागा उरत नाहीं. दर दोन-तीन वर्षांनीं टाकी उपसावी, असें तज्ज्ञ सांगतात.

दुसऱ्या दिवशीं टँकर आला. वरचें पाणी ओढलें गेलें, पण तळचा गाळ घट्ट बसलेला. टँकरबरोबरचा पोरगा विशींतला असेल. कमरेस दोर बांधीत तो म्हणाला, "काका, दोन मिनिटांचं काम. उतरतो नि मोकळा करून देतो." आणि लिहितांना लाज वाटते, आम्हीं मान डोलाविली! एकदांची ब्याद टळावी, एवढाच विचार मनांत होता.

आमच्या सूनबाई शाळेंत विज्ञान शिकवितात. त्या झांकणाशीं येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "मामंजी, आपल्या घरातल्या कुणाला असं उतरवलं असतं का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मग त्यांनींच सांगितलें तें असें. या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु सांचतो. हवेहून जड असल्यामुळें तो तळाशीं राहतो. त्याला कुजक्या अंड्यांची घाण येते. पण प्रमाण वाढलें कीं तो नाकाची संवेदनाच मारतो, आणि माणसास वाटतें घाण सरली. तेवढ्यांत तो कोसळतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, तोही वर येत नाहीं. संरक्षक साधनांवांचून कोणासही टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अशा कामांत मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. पण गेलेला मुलगा कोणत्या रकमेनें परत येतो?

अखेर पोरानें दोर सोडला. वरूनच पाणी ओतलें, लांब बांबूनें गाळ ढवळला आणि टँकरनें तो ओढला. तीन तास अधिक लागले, पैसेही अधिक पडले. दुसरें कांहीं बिघडलें नाहीं. जाण्यापूर्वीं त्या पोरानें आमच्या पडवींत बसून चहा घेतला.

डहाणू रोडच्या फलाटावर आम्हीं अनेक वर्षें रुळांवरचा मैला पाहून नाक मुठींत धरिलें. तो कोण साफ करितो, हें कधीं विचारिलें नाहीं. पुढें रेल्वेनें डब्यांखालीं जैविक शौचालयें बसविलीं. यंत्रानें होणारें काम माणसाकडून करून घेऊं नये, एवढी समज आपल्या घरांतही यावयास हवी. पतंजलींनीं पांच नियमांत शौचास पहिलें स्थान दिलें आहे, हें आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविलें. परंतु आपल्या शौचासाठीं दुसऱ्याचा प्राण धोक्यांत घालणें, हें कोणतें शौच?

वाचकहो, आपली टाकी शेवटची केव्हां उपसली होती, हें आज घरांत विचारून पाहा. आम्हीं आमच्या पंचांगावर पुढील तारीख लिहून ठेविली आहे.