रिकाम्या पुंगळीची परीक्षा

अमेरिकेत आणि युरोपात हौशी नेमबाजांचा मोठा वर्ग मैदानावरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी नेतो. वापरलेली टोपी काढायची, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) पितळेच्या पुंगळीला आता पोलाद, अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक असे पर्याय आले आहेत आणि त्यांच्या चाचण्याही हिरिरीने होतात. वजन किती वाचले, गोळीचा वेग किती, निशाण्यावरची भोके किती जवळ पडली, हे सगळे तपासले जाते. माझे म्हणणे असे, की ही परीक्षा कोऱ्या पुंगळीची झाली. पुंगळीचा खरा कस बार उडून गेल्यावर, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे लागतो.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर १८५७ साली गाजलेले काडतूस कागदाचे होते. पुढे ब्रिटिश लष्करी अधिकारी बॉक्सर यांनी पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला लोखंडी बूड जोडले. १८८५ च्या सुदान मोहिमेत मार्टिनी-हेन्री रायफलींत ही गुंडाळी तापलेल्या चेंबरला चिकटून बसे आणि ओढताना बूड तेवढे उपटून येई. त्यानंतर पितळेच्या एकसंध, ओढून घडवलेल्या पुंगळ्या आल्या. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे यातले नंतरचे स्थित्यंतर पाहिलेला.

पितळच का, हे समजायला बार उडतानाचा क्षण जवळून पाहावा लागतो. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीत वातावरणाच्या सुमारे ४,००० पट दाब तयार होतो. पुंगळीचे पातळ अंग फुगून चेंबरला घट्ट टेकते आणि वायूची मागची वाट बंद होते. गोळी बाहेर पडली, दाब उतरला, की तीच पुंगळी केसभर आक्रसते आणि सहज निघून येते. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे पितळ या परत येण्यात तरबेज आहे. पोलादाची ताठरता पितळेच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे तेवढ्याच मजबुतीचे पोलाद निम्मेच मागे येते. शिवाय एकाच पुंगळीत पितळ दोन स्वभावांचे असते: बूड जाड आणि कडक, मान पातळ आणि मऊ. मठारताना भांडे कडक होते हे तांबटाला ठाऊक असते. पुंगळीची मानही दर बाराला फुगून, दर वेळी साच्यात दबून तशीच कडक होत जाते आणि शेवटी चिरते. तांबट भांडे तापवून पुन्हा मऊ करतो, तसा हौशी नेमबाज फक्त मान तापवतो. बुडाला आच लागू द्यायची नाही, कारण ते मऊ पडले तर दाब अंगावर येतो.

पण पितळेची सर्वांत कठोर परीक्षा घेतली ती हिंदुस्थानच्या पावसाळ्याने. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत, आणि एकही बार न उडवता त्यांना चिरा पडत. ऋतूबरोबर येणारी तड म्हणून इंग्रजीत तिला नावही ऋतूवरूनच पडले. याचे कारण १९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडून दाखवले. पुंगळी ओढून घडवताना धातूत ताण कोंडलेला राहतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो, तांब्यावर हल्ला करतो, आणि कोंडलेला ताण त्या जागी धातू फाडून टाकतो. उपायही त्यातच होता: मंद आचेवर ताण घालवायचा आणि अमोनिया दूर ठेवायचा. म्हणूनच जाणकार अमोनियाचे पॉलिश पुंगळ्यांना लावत नाहीत. गोळी झाडून पाहण्याची कोणतीही चाचणी हा दोष दाखवू शकली नसती. माझ्या लेखी हा या विषयातला सर्वांत मोठा धडा आहे.

यावर कोणी म्हणेल, सोव्हिएत आणि जर्मन फौजांनी पोलादी पुंगळ्या अमाप वापरल्या, त्या चालल्याच ना? चालल्या, कारण त्या एकदाच वापरून टाकून द्यायच्या होत्या; आणि कलाश्निकोव्हची पुंगळी निमुळती असल्याने थोडी सरकली तरी सुटते. अॅल्युमिनियम पिस्तुलात ठीक चालते, पण रायफलीच्या दाबाला फट पडली तर तप्त वायू त्याला खात सुटतो. मग पुंगळीच नको, असेही जर्मनांनी जी-११ रायफलीत करून पाहिले. पुंगळी जाताना उष्णता घेऊन जाते, हे तेव्हा उमगले: सुरुवातीच्या चाचण्यांत तापलेल्या चेंबरमध्ये काडतुसे आपोआप उडू लागली आणि दारूच बदलावी लागली. प्लॅस्टिकने वजन वाचते हा मुद्दा मात्र खरा आहे, ओझे वाहणाऱ्या सैनिकाला तो मोलाचा आहे. तरी २०२२ साली अमेरिकी लष्कराने ६.८ मिलिमीटरच्या नव्या रायफलीसाठी निवडलेल्या पुंगळीत प्रचंड दाब सोसायला बूड पोलादाचे केले, आणि फुगून परत येणारे अंग पितळेचेच ठेवले.

घरी काडतूस भरणाऱ्याने पर्यायी पुंगळी तपासावी ती याच नजरेने. एकाच जातीच्या वीस पुंगळ्या घेऊन त्याच पुन्हा पुन्हा वापरायच्या, दर वेळी बुडाचा व्यास मोजायचा, आणि काही पुंगळ्या दमट जागी वर्षभर ठेवून द्यायच्या. आणि टोक वाकवलेली बारीक तार आत घालून बुडालगतच्या भिंतीवरून वर ओढायची. भिंत ताणून पातळ होऊन आत खाच पडली असेल तर टोक तिथे अडखळते. बाहेरून पुंगळी लखलखीत दिसत असली तरी ती बाद.