बार्शी लाइट रेल्वे: अडीच फुटी रुळांमागचं गणित काय होतं?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना कुर्डुवाडी लागते. या स्टेशनाचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. नावात बार्शी असली, तरी गाव तिथून सुमारे ३४ किलोमीटरवर. जीआयपी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली ती बार्शीला बाजूला ठेवूनच. मराठवाड्याच्या वेशीवरच्या या मोठ्या बाजारपेठेतला माल बैलगाड्यांतून स्टेशनावर यायचा.

जीआयपीत नोकरी केलेले इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी यावर उपाय काढला. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली.

रूळ अडीच फुटीच का?
पैसे वाचवायचे होते हे खरं, पण ही तडजोड नव्हती. रुळावर ताण येतो तो एकेका आसावरच्या भाराचा. म्हणून इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर ५ टनांहून जास्त भार नको, असा नियम कॅलथ्रॉप यांनी घातला. इंजिनाचं वजन जास्त आसांवर वाटलं, डबे पोलादी पत्र्याचे केले. त्यामुळे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे हलके रूळही पुरले. जगभरच्या नॅरोगेज अभियंत्यांनी हा प्रयोग अभ्यासला. (पुढे याच गृहस्थांनी विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही बनवलं!)

छोटी गाडी लांब कशी झाली?
१९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची सोय झाली. १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

मग बंद का पडली?
खरी अडचण कुर्डुवाडीत होती. छोट्या डब्यातला माल उतरवायचा आणि मोठ्या डब्यात पुन्हा भरायचा. वेळ जायचा, हमाली वाढायची. दारातून थेट माल उचलणाऱ्या ट्रकपुढे हे टिकणं कठीण होतं. अखेर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज आलं. २००८ पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग बदलला, तोही उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवमार्गे. जुन्या बार्शी लाइटने हे जिल्ह्याचं गाव बाजूला ठेवलं होतं, जीआयपीने बार्शीला ठेवलं होतं तसंच.