पस्तीस दिवस आणि त्यानंतर

पुण्यातल्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. जेमतेम साडेनऊ महिने आधी, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, अमली पदार्थविरोधी कायदा देशभर लागू झाला होता. गर्द ओढणारा माणूस कायद्याच्या लेखी गुन्हेगार होता, अनिताताईंच्या लेखी पेशंट. पुढं १९८९ मध्ये या कायद्यातच ६४अ कलम आलं आणि स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळण्याची सोय झाली. या कलमाविषयी आपल्याकडं फारसं बोललं जात नाही.

मलकापुरात यातलं काय पोचलं? कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, शाहूवाडी तालुक्याचं हे बाजाराचं गाव. गर्द ही मुंबईची गोष्ट, इथला प्रश्न दारूचा, असंच बरीच वर्षं धरून चाललं होतं. उपायही ठरलेले. माळ घालायची, देवाची शपथ घ्यायची, नाहीतर लग्न लावून द्यायचं. ‘बायको आली की येईल वळणावर’. या तिसऱ्या उपायानं किती मुलींचं आयुष्य नासलं, ते कुणी मोजलेलं नाही. माळ घालून सुटलेली माणसं मात्र खरोखर आहेत, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. रोजची भजनाची संगत आणि चारचौघांची नजर माणसाला सावरते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची मीटिंग याहून फार वेगळं काय करते?

शपथेला जमत नाही ते शरीराचं काम. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना नसलेली माणसं दिसू लागतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि देवऋषी शोधला जातो. खरं तर त्या वेळी दवाखाना गाठायला हवा, नाहीतर जीव जाऊ शकतो. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुड्या त्याहून वाईट. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाचं औषध डॉक्टर देतात, पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ते पेशंटला सांगूनच द्यायचं असतं. भाजीत कालवून कुणाचा आजार बरा करता येत नाही.

सरकारी कागदांवरचा गोंधळही गमतीचा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात प्यायचं परमिट मिळतं ते ‘आरोग्य राखण्यासाठी’. पिण्याचा आरोग्याशी संबंध इतक्या लवकर मान्य झाला; पिणं न सुटण्याचा मात्र व्याख्येतच यायला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उजाडावा लागला. दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मनाचे विकार त्यानं मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले.

दरम्यान, अमली पदार्थ ही मुंबईची गोष्ट राहिली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एमडी (मेफेड्रोन) हा अमली पदार्थ बनवण्याचा कारखाना पकडला. चंदगडही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं. पकडलं की बातमी होते. ज्याला त्याची सवय लागली, तो पोरगा कुठं दाखवायचा, हे बातमीत नसतं.

आता ‘आजार आहे हो तो’ असं इथंही ऐकू येतं. पण तो मानायचा तो मुक्तांगणमधल्या पस्तीस दिवसांच्या उपचारांपुरता. पोरगा परतला की लोकांच्या दृष्टीनं बरा झाला. पुन्हा घेतली तर तो हरामखोर. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर त्याला कुणी घराबाहेर काढत नाही. शिवाय गर्दसारख्या पदार्थात पुन्हा घसरण्याचा धोका वेगळाच असतो. काही आठवडे बंद राहिल्यानं शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्याच मापानं घेतला तर श्वास थांबू शकतो. ज्या दिवशी घरच्यांनी दार लावलं, तोच सगळ्यात धोक्याचा दिवस असतो.

आजार म्हटलं म्हणून सगळं डॉक्टरवरही ढकलता येत नाही. व्हिएतनाममध्ये हेरॉईनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर बहुतेकांचं व्यसन सुटलेलं दिसलं. त्यांचा मुलूखच बदलला होता. मलकापूरच्या पोराचं उलटं होतं: बरा होतो तो पुण्याला आणि परत येतो त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत. पाठपुराव्याला पुन्हा पुणं गाठायचं तर जाऊन-येऊन साधारण पाचशे किलोमीटरांचा प्रवास होतो आणि दिवसभराची मजुरी बुडते. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय त्या मानानं जवळ, साधारण पंचेचाळीस किलोमीटर.

एम्सनं २०१९ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अहवालात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाल्याची नोंद आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. फोन बहुतेक वेळा आई नाहीतर बायको लावेल, पोरगा नाही. तरीही लावावा, त्याला तयार कसं करायचं, हे विचारण्यासाठीही.