वन बीएचके की दोन तास झोप?

आमच्या ग्रुपमध्ये सध्या एकच हॉट टॉपिक आहे... फ्लॅट! तिशी जवळ आली की मंडळी प्रेमात कमी आणि ईएमआयमध्ये जास्त पडतात. आईचंही रोज फोनवर तेच पालुपद, "भाडं भरण्यापेक्षा हप्ता भर."

मी परळला चाळीत राहते. दहा बाय बाराची खोली, एक रूममेट आणि गॅलरीच्या टोकाला कॉमन संडास. सकाळी रांगेत उभं राहताना 'करिअर वुमन' वगैरे अजिबात वाटत नाही, बॉस! म्हणून एका रविवारी बदलापूरला वन बीएचके बघून आले. खिडकीतून डोंगर, स्वतःचं बाथरूम... मी फिदा! टोकन द्यायला हात नुसते शिवशिवत होते.

बदलापूरलाच राहणारी कॉलेजमैत्रीण म्हणाली, "घर रविवारी बघायचं नसतं. सोमवारी मुक्कामाला ये आणि मंगळवारी माझ्यासोबत लोकल पकड."

पकडली. कर्जतहून भरूनच आलेली गाडी, दादरपर्यंत जवळजवळ एका पायावर! तिच्या घरापासून लोअर परळच्या ऑफिसपर्यंत दोन तास, परतताना पुन्हा दोन. माझ्याही मीटिंग्ज याच भागात असतात. महिन्याचे २२ दिवस धरले तर ८८ तास झाले. म्हणजे आठ तासांच्या अकरा शिफ्ट, त्याही बिनपगारी!

ब्रुनो फ्राय आणि आलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासून २००८ मध्ये हेच मांडलं. लांबच्या प्रवासाच्या बदल्यात पगार किंवा घर चांगलं मिळालं, तरी त्या लोकांचं समाधान कमीच भरलं. मला तरी ते पटलं. जास्तीच्या खोलीची चार महिन्यांत सवय होते, गर्दीतल्या कोपराची होत नाही.

मग काय, 'पैशाने सुख मिळत नाही' म्हणून मोकळं व्हायचं? छे! डॅनियल काहनमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये सांगितलं होतं, की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजचा आनंद फारसा वाढत नाही. पण २०२३ मध्ये काहनमन यांनीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासोबत आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचा आनंद त्यापुढेही वाढतच जातो, असं निघालं. थोडक्यात काय, पैसा लागतोच. तो कशावर घालवता, हा खरा फंडा!

मैत्रिणीला मी विचारलंच, "पस्तावतेस का गं?" ती हसली. "नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला रात्री घराबाहेर जावं लागत नाही. आणि मालक कधी खोली खाली करायला लावेल, ही धास्ती नाही." तिच्या चार तासांची किंमत तिने समजून-उमजून मोजली होती.

आणि माझं दुखणं? ते संडासाची रांग नव्हतंच. गेल्या मार्चमध्ये दोन ठिकाणचं पेमेंट अडकलं आणि भाड्याचे माझ्या वाट्याचे नऊ हजार रूममेटकडून उसने घ्यावे लागले. तिने एका शब्दाने विचारलं नाही, पण मी आठवडाभर नीट झोपले नाही. त्या रात्री डोंगर दिसणारी खिडकी असती, तरी मी छताकडेच बघत बसले असते. वर हप्त्याचं टेन्शन वेगळं!

तेव्हा टोकन दिलं नाही. डाऊन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशांतून आधी सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात टाकला. नो टच! आईला हे अजून पटलेलं नाही. बादली घेऊन रांगेत उभी असताना कधीकधी मलाही पटत नाही.

पण परवा एक पेमेंट पुन्हा लांबलं. मी दोन शिव्या घातल्या, दिवा मालवला आणि चक्क झोपले! तुम्हीही फ्लॅट बघायला निघाला असाल तर जरूर जा... फक्त मंगळवारी जा!