दहा दिवस गप्प बसाल?

समजा, तुमच्या हातातून मोबाइल काढून घेतला. पाठोपाठ पुस्तक, वही, पेनही घेतलं. आणि सांगितलं की आता दहा दिवस कोणाशी बोलायचं नाही. खाणाखुणासुद्धा नाहीत. शेजारच्या पलंगावर कोण झोपलंय, तिचं नाव काय, हेही विचारायचं नाही.

जमेल?

मला वाटलं होतं, आरामात जमेल. रिल्समध्ये पाहिलेलं असतं ना आपण, धुकं, डोंगर, डोळे मिटून बसलेली एक शांत मुलगी. इगतपुरीच्या धम्मगिरीवर ऐन पावसाळ्यात गेले तर धुकं होतं, डोंगरही होते. फक्त ती शांत मुलगी काही सापडेना!

पहाटे चारची घंटा

इगतपुरी आपल्याला माहिती असते ती कसारा घाटातल्या धबधब्यांसाठी आणि स्टेशनवरच्या वडापावसाठी. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर डोंगराच्या पायथ्याशी विपश्यनेचं हे केंद्र आहे. १९७६पासून इथे शिबिरं होतात. सत्यनारायण गोएंका यांनी ती सुरू केली. जन्म १९२४चा, म्यानमारमधल्या मंडालेचा, घर व्यापाऱ्यांचं. डोकेदुखीने हैराण झालेले गोएंका सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. हे गुरू म्हणजे कोणी जटाधारी साधू नव्हते, तर तिथल्या सरकारचे अकाउंटंट जनरल होते. १९६९मध्ये गोएंका भारतात आले आणि त्यांनी पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. २०१३मध्ये ते गेले. पण शिबिरात आजही सूचना त्यांच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकू येतात.

आता टाइमटेबल ऐका. पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला चहा, फळ, थोडे कुरमुरे. रात्रीचं जेवण नाहीच. सात वाजता प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात बसायचं. दिवसभरात जवळपास दहा तास!

सुरुवातीला पंचशील घ्यावं लागतं. हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही, नशा नाही आणि शिबिरापुरतं ब्रह्मचर्य. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे लहानपणापासून पाठ असेल. पाठ असणं आणि दहा दिवस पाळणं यातला फरक तिथे कळतो. डास चावला तरी मारायचा नाही, इथपासून सुरुवात होते.

फक्त श्वास

पहिले तीन दिवस करायचं एकच. श्वास येतोय, श्वास जातोय, हे नाकपुडीपाशी पाहायचं. याला 'आनापान' म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात चौथ्या श्वासाला मन कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोचलेलं असतं.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष न्यायचं आणि तिथे काय जाणवतंय ते पाहायचं. खाज, उष्णता, मुंग्या, दुखणं, काहीही. चांगलं वाटलं म्हणून चिकटायचं नाही, वाईट वाटलं म्हणून झटकायचं नाही. मग येतं 'अधिष्ठान'. दिवसातून तीनदा एकेक तास हात, पाय, डोळे न उघडता बसायचं. विसाव्या मिनिटाला गुडघा जळायला लागतो. वाटतं, आता हाड मोडणार. आणि कधीतरी, काहीच न करता, ती कळ ओसरते. येतं ते जातं. पाली भाषेत त्याला 'अनिच्च' म्हणतात. हे वाक्य आपण शंभर वेळा स्टेटसला ठेवलेलं असतं, पण गुडघ्यातून समजतं तेव्हा ते वेगळं असतं.

मौनात काय ऐकू येतं?

आता खरी गोष्ट सांगते. मी गेले तेव्हा माझं जवळच्या मैत्रिणीशी भांडण झालेलं होतं. शेवटच्या वर्षाला आम्ही दोघींनी मिळून एक डॉक्युमेंटरी केली होती. तिने बोलणं टाकलं, ती कशी विचित्र वागली, हे मी हॉस्टेलभर सांगून झालं होतं.

मौनात ती गोष्ट सांगायला कोणीच नव्हतं. मग मी ती स्वतःलाच सांगत राहिले. रोज, दहा-दहा तास. प्रत्येक वेळी छातीत गरम व्हायचं, जबडा आवळायचा. सूचनेप्रमाणे मी ते नुसतं पाहत होते. सहाव्या दिवशी संध्याकाळी पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मला लख्ख दिसलं की सगळ्यांना सांगताना मी एक वाक्य नेहमी गाळत आले होते. स्पर्धेला फिल्म पाठवताना टायटल्समधून तिचं नाव मीच काढलं होतं. 'एडिटमध्ये राहून गेलं,' असं मी म्हणायचे. राहून गेलं नव्हतं.

हे मला कोणी सांगितलं नाही. बोलायची सोय नसल्यामुळे ते कानावर आलं, इतकंच. म्हणून कोणी विचारलं की मौन म्हणजे शांतता का, तर मी नाही म्हणते. बाहेरचा आवाज बंद झाला की आतला किती मोठा आहे ते कळतं. त्या दिवशी मला बॅग उचलून पळून जावंसं वाटलं होतं.

डोंगर कशाला लागतो?

मग हे घरी, खोलीचं दार लावून का नाही करायचं? डोंगरातच कशाला?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधली कान्हेरीची लेणी तुम्ही पाहिली असतील. आपण तिथे फोटो काढायला जातो. पुढच्या वेळी त्या लहान लहान खोल्या नीट पाहा. आत झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याची टाकी. बौद्ध भिक्खू वर्षभर फिरत असत, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबत. तो वर्षावास. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये कोरलेले विहार अशा मुक्कामासाठीही होते. गावापासून लांब, पण भिक्षा मागायला जाता येईल इतके जवळ.

डोंगराचा उपयोग मला दुपारच्या सुट्टीत कळला. तिथे व्यायाम, योगासनंही चालत नाहीत, फक्त चालता येतं. ढग यायचा, समोरचा डोंगर गायब. दहा मिनिटांनी पुन्हा हजर. फोटो काढायची सोय नाही, 'बघ ना' म्हणायला कोणी नाही. आत जे शिकवत होते, तेच बाहेर चाललेलं होतं.

सगळ्यांसाठी नाही

हे वाचून लगेच फॉर्म भरू नका. विपश्यना म्हणजे औषध नव्हे. तुम्हाला डिप्रेशन असेल, पॅनिक अटॅक येत असतील, नुकताच मोठा धक्का बसला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. दहा तास स्वतःसोबत एकटं बसणं अशा वेळी त्रास वाढवू शकतं. फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहू नका. ब्रेकअप विसरायला, रिझल्टपासून पळायला जात असाल तर ते सोबतच येतं, हे मी स्वानुभवाने सांगते.

जाणार असाल तर...

- शिबिर दहा दिवसांचं असलं तरी बारा तारखा मोकळ्या ठेवा. आदल्या संध्याकाळी पोचायचं, अकराव्या सकाळी निघायचं. अटेंडन्स बघून ठरवा.
- अर्ज ऑनलाइन असतो. सुट्ट्यांमध्ये जागा पटकन भरतात.
- फी नाही. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असली तरच दान द्यायचं.
- पूर्ण दहा दिवस राहायची तयारी असेल तरच जा.
- सैल कपडे घ्या, पावसाळ्यात छत्री घ्या. घरच्यांना तातडीसाठी केंद्राचा नंबर देऊन ठेवा.
- पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथेही केंद्रं आहेत.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं. सगळ्या मुली एकदम बोलायला लागल्या आणि मला तो आवाज सहन होईना. मोबाइल हातात आला तेव्हा मेसेजेसचा ढीग होता. मी आधी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, 'तुझं नाव राहून गेलं नव्हतं. मी काढलं होतं.'

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही. मग म्हणाली, 'माहितीये मला,' आणि तिने फोन ठेवला.

आमचं अजून पूर्वीसारखं झालेलं नाही. पण फिल्मच्या टायटल्समध्ये तिचं नाव आहे आता. आणि ती गोष्ट मी कोणाला सांगितलीच, तर ते वाक्य गाळत नाही.